एअर फ्रायरमधला नाता टार्ट आणि न भाजणारा तळ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शनिवारी दुपारी एअर फ्रायर दुरुस्त होऊन घरी आला. तब्बल सव्वीस दिवसांनी. पुसून घेतला, प्लग लावला आणि सगळ्यांत आधी चार नाता टार्टची (पोर्तुगीज कस्टर्ड टार्टची) कवचं भाजून बघितली. गार झाल्यावर एकेकाच्या तळावर नख आपटलं, तेव्हा टकटक असा कोरडा आवाज आला. हा आवाज ऐकायला मला डिसेंबरपासून एप्रिल उजाडला होता. मधल्या काळात इतकं दूध, साखर, लोणी आणि अंडी खर्ची पडली की आता सगळं सविस्तर लिहायचंच असं ठरवलं.

मशीनची माहिती देत बसत नाही. चार लिटरचा, 1400 वॉटचा, 80 ते 200 अंशांचा, सगळ्यांकडे असतो तसाच आहे. फ्राइज होतात. रवा लावलेले बांगडे उत्तम होतात, आणि घरभर तळणाचा वास राहत नाही हे फोंड्यातल्या आमच्या छोट्या फ्लॅटसाठी फार मोलाचं आहे. पण मी तो बांगड्यांसाठी घेतलाच नव्हता.

मुलीने पणजीतल्या एका कॅफेत पाश्तेल द नाता खाल्ला आणि त्या टार्टचा ध्यास घेतला. वरून काळे डाग पडलेलं कस्टर्ड, खाली कागदासारखे पापुद्रे. आम्हा चौघांचं तिथलं बिल बघून मी तिथल्या तिथे हिशेब केला: एका टार्टच्या पैशांत घरी सहा अंडी आणि अर्धा लिटर दूध येतं. महिन्यातून दोनदा जरी घरी केले तरी मशीनचे पैसे वर्षा-दीड वर्षात वसूल. नाताळच्या आधी सवलत होती, घेऊन टाकला.

हा पदार्थ मुळात लिस्बनच्या बेलें भागातला. जेरोनिमोस मठाशेजारच्या दुकानात 1837 पासून विकला जातो. मठांमध्ये कपड्यांना खळ देण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग वापरायचे आणि उरलेल्या बलकांची गोडं करायचे, असं सांगतात. आमच्याकडे पोर्तुगीज 1961 पर्यंत होते, पण लहानपणी नाताळात शेजारच्या मावशींकडून जे ताट यायचं त्यात बेबिंक असायचं, दोदोल असायचं, हा टार्ट मी कधी पाहिला नव्हता. तेव्हा घरात विचारायला कुणी नव्हतं. सगळं स्वतःच शोधावं लागलं.

कस्टर्डचा त्रास फार झाला नाही. पाव लिटर दुधात दालचिनीचा तुकडा आणि लिंबाची साल घालून उकळायचं. दोन मोठे चमचे मैदा थोड्या थंड दुधात कालवून त्यात घालायचा आणि दाट होईपर्यंत ढवळायचं. शंभर-सव्वाशे ग्रॅम साखरेचा एकतारी पाक बारीक धारेने सोडायचा आणि थोडं निवल्यावर चार बलक. मैदा असल्यामुळे अंडं फाटत नाही. बलक घातल्यावर पुन्हा मंद आचेवर ठेवून एक-दोन बुडबुडे येईपर्यंत नक्की ढवळा. बलकात मैद्यातलं स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. ते उष्णतेने मेलं नाही तर दाट झालेलं कस्टर्ड दुसऱ्या दिवशी पाण्यासारखं होतं. माझं दोनदा झालं. ह्या प्रमाणात आठ टार्टचं कस्टर्ड होतं, आणि माझ्या बास्केटमध्ये एका वेळी चारच साचे बसतात.

आता तळ. माझी सगळी तक्रार ह्या तळाबद्दल आहे.

पहिल्या वेळी साच्यात पफ पेस्ट्री दाबली, कस्टर्ड भरलं, 200 अंशांवर बारा मिनिटं लावलं. उघडलं तर वरून इतकं सुंदर दिसत होतं की मुलीने फोटो काढले. काळे-तपकिरी डाग अगदी कॅफेसारखे. साच्यातून काढायला गेले आणि तळ साच्यातच राहिला. पांढरा, ओला, बोटाला चिकटणारा मैदा, आणि त्याखाली चमचाभर वितळलेलं लोणी साचलेलं. वरचं कस्टर्ड चमच्याने खाल्लं, खालचं टाकून दिलं. लोण्याचं पीठ टाकून देताना काय वाटतं ते ज्याने हाताने घड्या घालून पेस्ट्री लाटली आहे त्यालाच कळेल.

त्यानंतर जानेवारी ते मार्च मी दर पंधरा दिवसांनी काही ना काही बदलत गेले. मशीन आधी पाच मिनिटं तापवून घेतलं. जाड साचे बदलून पातळ ॲल्युमिनियमचे आणले. 160 अंशांवर वीस मिनिटं ठेवलं, तेव्हा वरचे डागही गेले आणि तळ होता तसाच. वरून फॉइल झाकली तर पंख्याच्या वाऱ्याने ती उडून कॉइलला लागली, जळका वास आला, म्हणून तो प्रयोग कुणी करू नका. साचे जाळीऐवजी थेट बास्केटच्या तळाशी ठेवले, तर आणखी वाईट. विकतची फ्रोझन पेस्ट्री आणली, तिचीही तीच गत. मार्चअखेर माझं मत पक्कं झालं होतं की हे यंत्र भाजण्याच्या लायकीचं नाही, आणि दुकानदाराने 'केकपासून टार्टपर्यंत सगळं होतं' असं सांगून मला फसवलं. हे मत मी दोन मैत्रिणींना फोन करून सांगितलंही.

कारण आता कळतं. तिकडच्या बेकऱ्यांमध्ये हा टार्ट 250 अंशांच्या वर, कधी 300 च्या आसपास तापलेल्या भट्टीत जातो, आणि भट्टीचा तळही तेवढाच तापलेला असतो. खालून एकदम उष्णता लागली की पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, पापुद्रे सुटतात आणि लगेच पक्के होतात. माझ्या मशीनमध्ये कॉइल वर. खाली जाते ती वाऱ्याने ढकललेली गरम हवा. साच्याच्या तळाला ती पोचेपर्यंत लोणी नुसतं वितळतं, वाफ जोर धरत नाही, आणि पीठ त्या लोण्यात भिजत बसतं. वरचं कस्टर्ड मात्र कॉइलपासून चार बोटांवर असतं. ते करपायला लागलं की मशीन बंद करावंच लागतं.

हे सगळं मला आईच्या एका वाक्याने उलगडलं. एप्रिलमध्ये मी पुन्हा साचे भरत होते. आई शेजारी बसून लसूण सोलत होती. तिने बास्केट आत जाताना वाकून बघितलं, वरची लाल झालेली कॉइल बघितली आणि म्हणाली, "अगो, ह्याचा सगळा विस्तव वर. तुझ्या पिठाला खालून कोण भाजणार?"

मी म्हटलं, "खाली काही नाहीच आई, मशीनच तसं आहे."

"मग भाजायची बाजू वर कर."

आईने आयुष्यभर तवसाचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, केलं आहे. टोपाखाली निखारे, वरच्या झाकणावर सोडणांचे (नारळाच्या सालांचे) निखारे, आणि कोणत्या वेळी खालचे ओढून वरचे वाढवायचे हे नुसत्या वासावरून. तिला वॉट आणि अंश सांगावे लागले नाहीत. विस्तव कुठे आहे एवढंच तिने बघितलं.

मी चारही साचे पालथे घातले. पेस्ट्रीच्या चकत्या बाहेरून, साच्याच्या पाठीवर बसवल्या. आईने अंगठ्याने कडा दाबत दाबत खाली ओढून घेतल्या, काट्याने टोचे मारले. पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. मग वरून दुसरा साचा टोपीसारखा घालून तापलेल्या मशीनमध्ये 200 अंशांवर चार मिनिटं, म्हणजे पंख्याने पीठ उचललं जात नाही. टोपी काढून आणखी पाच-सहा मिनिटं. तळ आता वर होता, कॉइलच्या समोर. सोनेरी झाला, पापुद्रे मोजता येतील असे सुटले. मग कवचं सुलटी करून साच्यात ठेवली, गरम कस्टर्ड पाऊणपर्यंत भरलं आणि पुन्हा 200 वर सहा ते सात मिनिटं. वर डाग, खाली कुरकुरीत. मुलीने पहिला घास घेतला तो आवाज मला ओट्याजवळ ऐकू आला.

खरा नाता कच्च्या पिठात कच्चं कस्टर्ड भरून एकाच वेळी भाजतात, पिठाची गुंडाळी कापून उभी दाबल्यामुळे त्याच्या तळाला चक्री दिसते. माझा दोनदा भाजलेला आहे आणि चक्री पुसट येते. हा फरक मला मान्य आहे. पण 200 अंशांच्या मशीनमध्ये ह्याहून चांगला रस्ता मला सापडलेला नाही.

एप्रिलनंतर मशीनबद्दलचं माझं मत बदलत गेलं, आणि मे महिन्यात तर पूर्णच फिरलं. विस्तव वर आहे म्हटल्यावर बेबिंक आठवणारच. बेबिंकाचा एकेक थर घालायचा, तूप सोडायचं आणि वरून निखारे देऊन भाजायचा, की पुढचा थर. त्याला वरचाच विस्तव हवा असतो. ओव्हनमध्ये केलं तरी ग्रिल लावावं लागतं. मी सहा इंची डब्यात केलं. नारळाचं दाट दूध, बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ. 180 अंशांवर पहिला थर बारा मिनिटं, पुढचे सात-आठ मिनिटांचे. सात थर, सगळं मिळून सव्वा तासाच्या आत. थर इतके स्वच्छ आले की मी शेजारच्या मावशींना तुकडा नेऊन दिला. त्यांनी तो आडवा धरून थर मोजले आणि विचारलं, "गॅसवर केलंस की निखाऱ्यांवर?" ज्या एका गोष्टीसाठी मी चार महिने ह्या यंत्राला नावं ठेवली, तिच्यामुळेच हे जमलं. मैत्रिणींना पुन्हा फोन करून आधीचं मत मागे घेतलं.

उरलेल्या पांढऱ्याचं काय, असं कुणीतरी विचारेल. साखर घालून फेटायचं, 90 अंशांवर तासभर ठेवून सुस्पीर (मेरिंग) होतात. पावसात करू नका, डब्यात घालेपर्यंत चिकट होतात.

आणि मग जुलै. एका सकाळी बास्केट आत सरकवली, बटण दाबलं, तीन वेळा बीप आणि पुढे काहीच नाही. सर्व्हिस सेंटरचा माणूस चौथ्या दिवशी मशीन घेऊन गेला आणि आठव्या दिवशी फोन आला: कार्ड (आतला सर्किट बोर्ड) गेलंय, आत ओलावा सापडला, वॉरंटीत बसत नाही. जे पैसे सांगितले त्यात नव्या मशीनचा अर्धा भाग आला असता. जॉबशीटवर 'ओलाव्यामुळे बिघाड' असं लिहिलं होतं.

मला त्या दोन शब्दांचा संताप आला तो अजून गेलेला नाही. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाने इंचांचं शतक गाठलं की इथल्या वर्तमानपत्रांत बातमी येते. ओट्यावर, खिडकीपासून दूर, कापडाने झाकून ठेवलेल्या मशीनमध्ये हवेतला ओलावा शिरला तर तो गिऱ्हाइकाचा गुन्हा कसा? मग इथल्या दुकानांत हे विकताच कशाला? मी हे सगळं ईमेलमध्ये लिहिलं, बिल आणि ओट्याचा फोटो जोडला. उत्तर आलं नाही. तेव्हा 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सहा दिवसांनी कंपनीकडून फोन आला, दुसरा टेक्निशियन नेमला. कार्ड शाबूत होतं. बास्केट आत बसल्याचं ओळखणारा जो छोटा स्विच असतो, त्याच्या पट्टीत कणकेचा आणि साखरेचा चिकट थर बसून ती अडकली होती, आणि तिथे जरा गंज होता. स्विच बदलला. एक पैसा घेतला नाही. ती साखर माझ्या पाकाची होती, तेवढी चूक माझी. आता प्रत्येक वेळी बास्केटची खाच ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसते.

पावसात कुरकुरीतपणा टिकत नाही हेही सांगायला हवं. जूननंतर टार्ट अर्ध्या तासात मऊ पडतो, कॅफेतलाही पडतो. पण 160 वर तीन मिनिटं ठेवला की पापुद्रे परत येतात. मायक्रोवेव्हमध्ये ते कधीच येणार नाहीत. विजेचं म्हणाल तर कवच आणि कस्टर्ड मिळून वीस मिनिटं, पूर्ण दाबाने चाललं तरी अर्ध्या युनिटच्या आत. आठ महिन्यांत बिलात फरक जाणवला नाही.

श्रावणात आई अंडं खात नाही, म्हणून सध्या कस्टर्ड पावडर. ती मक्याच्या पिठाची असते, त्यात अंडं नसतं. आल्फ्रेड बर्ड ह्या बर्मिंगहॅमच्या गृहस्थाने ती बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून शोधली, तीही 1837 मध्येच. नेहमीपेक्षा दीडपट दाट करा आणि वर चिमूटभर साखर भुरभुरा, नाहीतर डाग पडत नाहीत. चव बलकासारखी नाही, पण तळ तोच.

घेणार असाल तर दोन गोष्टी. दुकानात स्वतःचे साचे घेऊन जा, दोन एकावर एक पालथे घालून बास्केटमध्ये ठेवा, आणि वर कॉइलपर्यंत निदान तीन बोटं जागा राहते का ते बघा. तीन लिटरच्या मशीनमध्ये मला ती मिळाली नव्हती. आणि दुरुस्तीला देताना जॉबशीटवर सही करण्याआधी बिघाडाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, फोटो काढा, आणि 'ओलावा' लिहिलं असेल तर तो कुठल्या भागावर, कसा दिसला, ते त्यांच्याकडून लिहून घ्या.