रीसेट करायचं की पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायची?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून घरातल्या आणि नात्यातल्या चार मशीनवर मी नव्याने विंडोज टाकून दिली. पहिल्या दोन ठिकाणी सेटिंग्जमधून रीसेट केलं, म्हणजे मशीनमधूनच विंडोज पुन्हा बसवली. तिसऱ्या ठिकाणी रीसेट अडलं म्हणून विंडोजचा इन्स्टॉलर भरलेली पेनड्राइव्ह घेतली आणि चौथ्या ठिकाणी पहिल्यापासून पेनड्राइव्हच. त्यामुळे आता कुणी "काय करू?" असं विचारलं, की माझा पहिला प्रश्न असतो: किबोर्ड कोणता आहे, वायरचा की ब्लूटूथचा?

रीसेट सोपं आहे, यात वाद नाही. 'फायली ठेवा' हा पर्याय घेतला तर फोटो, कागदपत्रं जागच्या जागी राहतात. प्रोग्रॅम उडतात, पण कोणकोणते उडाले याची यादी डेस्कटॉपवर मिळते. ड्रायव्हरसाठीही (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) फारशी शोधाशोध करावी लागत नाही. क्लाउड डाउनलोड निवडलं तर चारेक जीबी डेटा जातो, पण विंडोजच्या फायली इंटरनेटवरून ताज्या येतात. भाचीच्या लॅपटॉपला मी संध्याकाळी रीसेट लावलं आणि जेवून उठेपर्यंत काम झालं होतं. त्या अनुभवावर विसंबूनच मामांच्या मशीनला हात घातला.

मामांचा ऑल-इन-वन आहे, स्क्रीनमध्येच सगळं आणि सोबत ब्लूटूथ किबोर्ड-माऊस. रीसेट सुरू झालं, मशीन एकदा बंद होऊन चालू झालं आणि निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागायला लागलं. ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. की मामांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर होती, ती फोनवर उघडली. मामी चष्मा लावून एकेक गट वाचायला बसल्या. मी आकडे दाबतोय आणि पडद्यावर एकही उमटत नाहीये. सेल बदलले, किबोर्ड बंद करून चालू केला, काही फरक नाही. विंडोज उठलेलीच नसते तेव्हा ब्लूटूथची जोडणी करणार कोण? ती रात्र तशीच गेली. सकाळी शेजाऱ्यांकडून जुना वायरचा किबोर्ड आणला, तो मागच्या पोर्टात लावला आणि पहिल्या दाबाला आकडा उमटला. पुढे रीसेट पूर्ण झालंच नाही तो भाग निराळा, पण माझ्या मनातून ते उतरलं ते रात्रीच.

वायरचा किबोर्ड असला म्हणजे रीसेटला पूर्ण निर्धास्त राहावं, असंही म्हणवत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ लाच विंडोज ११ साठी जे अपडेट आलं, त्यानंतर रिकव्हरीच्या, म्हणजे विंडोज दुरुस्तीच्या, पडद्यावर यूएसबीचे किबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले होते. विंडोजमध्ये सगळं ठीक, रिकव्हरीत गेलं की बंद. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य करून २० ऑक्टोबरला दुरुस्ती दिली. रीसेट करणार असाल तर आधी अपडेट पूर्ण करून घ्या, एवढं त्यावरून नक्की सांगेन.

मला वाटतं, खरा फरक इथेच आहे. रीसेटला लागणारं सामान त्याच डिस्कवर असतं, जी आपण दुरुस्त करायला निघालोय. पेनड्राइव्ह आपलं सामान बाहेरून आणते. शिवाय तिथे भाषा आणि किबोर्ड निवडायचा पडदा सुरुवातीलाच येतो, डिस्कला हात लागण्याआधी. तिथे टॅब आणि बाण दाबून पाहायचं. हाललं तर पुढे जायचं. नाही हाललं तर पॉवर बटण दाबून मशीन बंद करायचं, जुनी विंडोज होती तशी राहते. रीसेटमध्ये हे कळतं तेव्हा आपण अर्ध्या वाटेवर असतो.

पेनड्राइव्हचे ताप वेगळे आहेत, ते लपवत नाही. ब्लूटूथ किबोर्ड तिथेही सहसा चालत नाही. बूट मेन्यूची (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी) की प्रत्येक कंपनीची निराळी: डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. दहा वेळा दाबूनही मेन्यू येत नसेल तर किबोर्डला दोष देण्याआधी एक करून बघा. विंडोज चालू असतानाच शिफ्ट दाबून धरा, रीस्टार्टवर क्लिक करा आणि येणाऱ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' निवडा. बायॉसमधल्या (मशीनच्या मूळ सेटिंगमधल्या) फास्ट बूटमुळे काही मशीन सुरू होताना यूएसबीकडे बघतच नाहीत, त्यांना हा रस्ता लागू पडतो. मात्र ड्राइव्हवर बिटलॉकर चालू असेल तर ती ४८ आकडी की आधीच कागदावर उतरवून ठेवा.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर इन्स्टॉलरला एसएसडी, म्हणजे आतली डिस्कच, दिसत नाही. त्यासाठी कंपनीच्या साइटवरून स्टोरेज ड्रायव्हर उतरवून त्याच पेनड्राइव्हवर टाकून ठेवावा. वायफाय नाही उठलं तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, माझं दोन्ही वेळा त्यावर भागलं. लायसन्सची काळजी सहसा नसते. त्याच मशीनवर तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) टाकली तर इंटरनेट मिळताच ती सक्रिय होते.

आणि सेटअपमध्ये किबोर्ड यूएसचा निवडा. चुकून यूकेचा निवडला गेला तर @ आणि " यांची अदलाबदल होते, आणि मग आपलाच पासवर्ड चुकीचा ठरतो.

लॅपटॉप असेल, विंडोज नीट उठत असेल आणि फायली हलवायला वेळ नसेल, तर रीसेट करा, भाचीचं काम त्याने छान झालं. डेस्कटॉप असेल किंवा विंडोज आधीच अडखळत असेल, तर मी स्वतः पेनड्राइव्हच घेईन. आठ जीबीची पुरते, फक्त तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. मामांच्या टेबलाच्या खणात आता तशी एक आहे. तिच्याशेजारी वायरचा किबोर्ड आहे आणि मामींच्या अक्षरात ते आठ गट लिहिलेला कागद.