नाताळला कोणता सिनेमा: निघून गेलेल्याचा की मागे राहिलेल्याचा?

नाताळच्या रात्री नायकाला त्याचंच न घडलेलं आयुष्य दाखवणारे हॉलिवूडचे सिनेमे बरेच आहेत. खरी निवड मात्र दोघांतच करायची असते: 2000 सालचा ‘द फॅमिली मॅन’ आणि 1946 सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. पहिला दोन तास पाच-सहा मिनिटांचा, दुसरा दोन तास दहा मिनिटांचा, म्हणजे एका संध्याकाळी एकच.

दोन्हींत नाताळच्या आदल्या रात्री एक अनोळखी माणूस भेटतो आणि जग बदलून टाकतो. पण नायकांच्या जखमा उलट्या आहेत. जॅक कॅम्पबेल निघून गेला. जॉर्ज बेलीला कधी निघताच आलं नाही. आपल्या मनात यातला कोणता सल आहे, त्यावर निवड करावी.

‘द फॅमिली मॅन’ सुरू होतो 1987 मध्ये, विमानतळावर. जॅक (निकोलस केज) एका वर्षासाठी लंडनला निघालाय, केट (टिया लिओनी) त्याला थांबवतेय. तो जातो. तेरा वर्षांनी तो वॉल स्ट्रीटवरचा बडा साहेब आहे, दाराशी फेरारी आहे. एका दुकानात 238 डॉलर लागलेल्या लॉटरीच्या तिकिटावरून पिस्तूल निघतं, जॅक सौदा करून भांडण मिटवतो आणि त्या तिकीटवाल्याला (डॉन चीडल) सांगतो की मला काही कमी नाही. सकाळी जाग येते ती न्यू जर्सीतल्या टीनेकमध्ये: शेजारी केट, घरात दोन मुलं, आणि नोकरी सासऱ्याच्या टायरच्या दुकानात.

हे सगळं पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच घडतं आणि पुढचा जवळजवळ पूर्ण सिनेमा त्या दुसऱ्या संसारातच राहतो. ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. डायपर कसा बदलायचा, धाकट्याला कुठल्या पाळणाघरात सोडायचं, आपण रोज किती वाजता निघतो, यातलं जॅकला काहीच ठाऊक नसतं. त्याची चिमुकली मुलगी ॲनी एका नजरेत ओळखते की हा आपला बाबा नाही. ती त्याला परग्रहावरचा पाहुणा समजते आणि घरातले रिवाज शिकवते. मॉलमध्ये 2,400 डॉलरचा सूट अंगावर चढवून जॅक आरशात जुन्या स्वतःला बघतो, तो प्रसंगही असाच नेमका. पुढे जुनी नोकरी हाताशी येते आणि सगळं कुटुंब घेऊन मॅनहॅटनला जायचं का, हा प्रश्न उभा राहतो. केटचं उत्तर इथे फोडत नाही. लिओनीने त्या एका प्रसंगात सिनेमा आपल्या नावावर केलाय.

त्रुटीही आहेत. पारडं आधीपासूनच झुकवलेलं आहे. एकट्या जॅकचं आयुष्य काचेसारखं थंड दाखवलंय. उलट टायर विकणारा नवरा आणि गरिबांचे खटले लढणारी वकील बायको यांची ओढाताण फार हलक्या हाताने येते. दुसऱ्या आयुष्याची ही झलक संपल्यावर त्या मुलांचं काय, याचं उत्तर सिनेमाकडे नाही, आणि अनेकांना हीच गोष्ट बोचते. शेवटही मोकळा सोडलाय. सगळं जुळून आलेलं बघायचं असेल तर हिरमोड होईल. आम्हाला तोच शेवट प्रामाणिक वाटतो.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये लोक फसतात ते अपेक्षेमुळे. देवदूत, बदललेलं जग असं ऐकून बसतात आणि तासाभराने विचारतात, ते कधी येणार? दिग्दर्शक फ्रँक काप्राने आधी सुमारे शंभर मिनिटं जॉर्जचं (जेम्स स्टुअर्ट) खरं आयुष्य दाखवलंय. लहानपणी बर्फाळ पाण्यातून भावाला वाचवताना त्याचा डावा कान जातो. जग फिरायचं असतं, पण वडील जातात आणि त्यांची छोटी गृहकर्ज संस्था गळ्यात पडते. लग्नाच्याच दिवशी ठेवीदारांची झुंबड उडते आणि मधुचंद्रासाठी ठेवलेले 2,000 डॉलर त्यांना वाटावे लागतात. मग संस्थेचे 8,000 डॉलर गहाळ होतात आणि तो पुलावर जाऊन उभा राहतो. तू जन्मलाच नसतास तर जग कसं असतं, हे देवदूत त्याला दाखवतो तो भाग जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. तो काळजाला भिडतो, कारण त्या गावातली माणसं तोवर आपल्या ओळखीची झालेली असतात. पहिला तास मोबाईल बघत काढला तर शेवट कोरडा जाईल.

आणखी एक फरक. जॅकचा सिनेमा पती-पत्नीचा आहे, जॉर्जचा अख्ख्या गावाचा. लग्नाला दहा-पंधरा वर्षं झालेल्या जोडप्याला पहिला जास्त लागू पडतो, नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांना तर फारच. आई-वडिलांसाठी किंवा घरच्या धंद्यासाठी गावातच थांबलेल्या माणसाला दुसरा द्यावा.

मुलं सोबत असतील तर दोन्हींत थोडं जपून. ‘द फॅमिली मॅन’ला अमेरिकेत तेरा वर्षांखालच्यांबाबत पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र आहे. काही प्रसंग शृंगारिक आहेत आणि भाषाही मोकळी आहे. जुन्या सिनेमात तसं काही नाही, पण दारूच्या नशेतला औषधविक्रेता लहान जॉर्जला दुखऱ्या कानावर मारतो आणि पुढे आत्महत्येचा विचार उघड येतो. घरात कुणी त्या विषयाने हळवं झालं असेल तर आधी कल्पना द्या.

शोधताना: नुसतं ‘फॅमिली मॅन’ टाकलं तर मनोज वाजपेयीची 2019 पासूनची हेरगिरीची मालिका समोर येते, म्हणून सोबत निकोलस केज किंवा साल टाका. जुना सिनेमा कृष्णधवलच बघा. रंगवलेल्या प्रतींत चेहरे सपाट दिसतात. कापलेल्या प्रतीही फिरतात, तेव्हा लांबी 130 मिनिटांच्या आसपास आहे ना, हे सुरू करण्याआधी तपासा.

दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तर आधी जॅक, मग जॉर्ज. जॅकसोबत टीनेकमध्ये राहून आल्यावर जॉर्जच्या त्या शंभर मिनिटांतलं एकही मिनिट लांबलेलं वाटत नाही.