सर्व्हिक्सची लांबी पोटावरून मोजायची की आतून?

ॲनॉमली स्कॅनला, म्हणजे १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान बाळात काही व्यंग नाही ना ते बघायच्या सोनोग्राफीला, डॉक्टर विचारतात की सर्व्हिक्सची लांबी आतून, म्हणजे योनीमार्गातून, बघून घेऊ का, आणि "आतून" म्हटलं की आपण आधी दचकतोच. पहिल्या खेपेला मी पोटावरूनच करा म्हणाले, दुसऱ्या खेपेला आतून केली, म्हणून दोन्हीबद्दल लिहितेय.

सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयाचं तोंड, ते दिवस भरेपर्यंत घट्ट मिटलेलं राहायला हवं, पण काहींचं कळा वगैरे काहीच नसताना आतल्या बाजूने उघडत आखूड होत जातं आणि आपल्याला पत्ताच लागत नाही, हाताने तपासूनही लवकर कळत नाही कारण आतलं टोक बोटाला लागतच नाही. २४ आठवड्यांच्या आत लांबी २५ मिमीपेक्षा कमी भरली तर आखूड धरतात, आणि जितकी कमी तितकी ३७ आठवड्यांच्या आधी डिलिव्हरी व्हायची शक्यता जास्त.

पोटावरून सोपं आहे, त्याच स्कॅनमध्ये होऊन जातं. पण खरी गोची लघवीची. नीट दिसायला ब्लॅडर भरलेलं लागतं आणि भरलेलं ब्लॅडर सर्व्हिक्सला दाबून लांब दाखवतं, म्हणजे आखूड असलेलं नॉर्मल वाटू शकतं, त्यात बाळाचं डोकं खाली असेल तर टोकं धड दिसतच नाहीत. म्हणून काही ठिकाणी पोटावरून ३५-३६ मिमीच्या खाली आलं की लगेच आतून बघतात, तेवढी चाळणी म्हणून ठीक आहे.

आतून करताना उलट लघवी करून जायचं. बारीक प्रोब (सोनोग्राफीची कांडी), त्यावर कव्हर, थोडासाच आत आणि दाब न देता, कारण प्रोब दाबला तरी लांबी खोटी वाढते. ३ ते ५ मिनिटं बघतात, सर्व्हिक्स तेवढ्या वेळातही बदलतं, म्हणून तीनदा मोजून सगळ्यात कमी आकडा घेतात. आतलं तोंड नरसाळ्यासारखं उघडतंय का तेही दिसतं. मला अवघडल्यासारखं झालं, दुखलं नाही. याने इन्फेक्शन होईल, कळा सुरू होतील ही भीती मनातून काढून टाका, प्लासेंटा (वार) खाली असला तरी नीट केली तर सेफ आहे.

माझं स्पष्ट मत, आधी एकदा लवकर डिलिव्हरी झाली असेल किंवा पाचव्या महिन्यात वगैरे गर्भ गेला असेल तर पोटावरच्या आकड्यावर थांबू नका, १६ ते २४ आठवडे साधारण दर दोन आठवड्यांनी आतूनच करा. जुना काही त्रास नसेल तर पोटावरून चालू शकतं, पण नीट दिसत नाही म्हणाले तर मग आतून करूनच घ्या.

आकडा कमी आला म्हणून लवकर होणारच असंही नाही, बऱ्याच जणींचे दिवस नीट भरतात. आणि वेळेत कळलं तर उपाय आहेत, रात्री योनीमार्गात ठेवायचं २०० मिग्रॅ प्रोजेस्टेरॉन (हार्मोनचं औषध), आधीची डिलिव्हरी लवकर झालेली असेल तर सर्व्हिक्सला टाका घालणं. नुसतं झोपून राहिल्याने फायदा झालेला दिसत नाही. जुळी असतील तर टाक्याचा हिशोब वेगळा, ते डॉक्टरांशी सविस्तर बोला.

रिपोर्टमध्ये आकड्यासोबत पोटावरून की आतून ते लिहिलंय का बघा, नसेल तर लिहून मागा, पुढच्या वेळच्या आकड्याशी ताडून बघायचं तर पद्धत तीच हवी.