वॉटर सोर्स हीट पंपाची पाइपलाइन: एमएस, पीपीआर की स्टेनलेस? आणि फ्लशिंग कसं करून घ्यायचं?

हॉटेल, हॉस्पिटल, डेअरी, मोठं वसतिगृह. जिथे एसीचा किंवा प्रोसेसचा चिलर बाराही महिने चालतो आणि गरम पाणीही रोज लागतं, तिथे वॉटर सोर्स हीट पंप बसवणं शहाणपणाचं आहे. चिलरकडे परतणाऱ्या पाण्यातली उष्णता काढून ती ५५-६० अंशांच्या पाण्यात घालायची. डिझेल बॉयलरचा किंवा गीझरचा खर्च वाचतो आणि चिलरवरचा भारही हलका होतो. मशीन कोणतं घ्यायचं यावर महिनोन्महिने बैठका होतात. पाइपचा निर्णय मात्र रनिंग मीटरचा दर बघून दहा मिनिटांत उरकतात, आणि फ्लशिंग, म्हणजे लाइन आतून वेगाने पाणी फिरवून धुणं, कोटेशनच्या शेवटी ‘लमसम’ म्हणून एका ओळीत येतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पाइप कोणता घ्यायचा आणि तो आतून धुणार कसा, हे एकाच बैठकीत ठरवायला हवं. जो पाइप तुमच्या साइटवर नीट धुता येणार नाही, तो स्वस्त पडत असला तरी घेऊ नका.

कारण मशीनच्या आत आहे. या क्षमतेच्या हीट पंपात बहुधा ब्रेझ्ड प्लेट हीट एक्स्चेंजर असतो. स्टेनलेसचे नालीदार पत्रे एकावर एक रचून तांब्याने कायमचे जोडलेले. दोन पत्र्यांमधून पाणी जायला वाट असते ती जेमतेम दोनेक मिलिमीटरची. शेल अँड ट्यूब चिलरचं कव्हर काढून नळ्यांना ब्रश मारता येतो, इथे उघडायला काहीच नाही. सोर्सच्या बाजूला, म्हणजे जिथून उष्णता घेतो त्या थंड पाण्याच्या बाजूला, कचरा अडकला की तेवढ्या वाटांमधला प्रवाह मंदावतो, तिथलं पाणी जास्त थंड होतं आणि शेवटी गोठतं. बर्फाने पत्रा फाटला की पाणी थेट मशीनच्या रेफ्रिजरंट गॅसच्या सर्किटमध्ये शिरतं आणि कॉम्प्रेसर जातो. लाखो रुपयांच्या मशीनचा जीव पाइपमध्ये राहून गेलेल्या मूठभर कचऱ्यावर अवलंबून असतो.

आकड्यांसाठी एक उदाहरण धरू: १०० किलोवॉट गरम पाण्याचा हीट पंप, सीओपी ४ (एक युनिट विजेमागे चार युनिट उष्णता). म्हणजे सोर्सकडून ७५ किलोवॉट उष्णता यायला हवी. दोन्हीकडे ५ अंशांचा फरक ठेवला तर सोर्स बाजूला तासाला सुमारे १३ घनमीटर आणि गरम बाजूला सुमारे १७ घनमीटर पाणी फिरतं.

एमएस

माइल्ड स्टील, साधा लोखंडी पाइप. आपल्याकडचा नेहमीचा पर्याय. आयएस १२३९ चा ‘सी’ क्लास, लाल पट्ट्याचा. वेल्डर कुठेही मिळतो, सपोर्ट लांब लांब चालतात, गच्चीवरच्या उन्हाचं भय नाही, पंपाच्या थरथरीला दाद देत नाही. इमारतीतला जुना चिल्ड वॉटर लूप बहुतेक वेळा एमएसचाच असतो, त्यामुळे जोडणीही सरळ.

दोष एकच, पण मोठा: आतून घाण घेऊनच येतो. मिल स्केल (पोलाद तापवताना धरणारा काळा पापुद्रा) कारखान्यातून, गंज गोदामातून, वेल्डिंगचे मणी आणि ग्राइंडरचा भुगा साइटवरून. पहिल्या फ्लशिंगनंतर वाय-स्ट्रेनरची (लाइनमधल्या गाळणीची) जाळी काढून पांढऱ्या कापडावर झटका. ज्वारीच्या दाण्याएवढे काळे मणी, टेफ्लॉन टेपच्या गुंडाळ्या, पेंटचे पापुद्रे, इलेक्ट्रोडच्या कोटिंगचे तुकडे आणि कधी कधी पाइपचं तोंड बंद करायला कोंबलेली गोणपाटाची चिंधीसुद्धा निघते. म्हणून वेल्डिंगची पहिली फेरी आर्गॉनने करून घ्या, आत मणी फार कमी पडतात. दर वाढतो, तरी मशीनच्या आसपासच्या जोडांना तरी हा आग्रह धराच. आणि पाइप साइटवर उतरल्या दिवसापासून दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकच्या टोप्या हव्यात.

दुसरी गोष्ट कोकण, गोवा, मुंबईकरांसाठी. थंड बाजूच्या पाइपवर नायट्राइल रबरचं इन्सुलेशन चढवण्याआधी प्राइमर मारलाय का, ते स्वतः बघा. इन्सुलेशनचा जोड उघडा राहिला की आत दव धरतं आणि पाइप बाहेरून सडतो. गळती लागेपर्यंत ते कुणाला दिसत नाही.

पीपीआर

पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा हिरवा पाइप, २६० अंशांच्या प्लेटवर तापवून जोडलेला. गंज नाही, मिल स्केल नाही, आत मणी नाहीत. धुण्याच्या दृष्टीने हा एमएसपेक्षा कितीतरी सोपा. पण तीन गोष्टी कळल्याशिवाय होकार देऊ नका.

पहिली, साइज. एमएसचा ८० एनबी (नॉमिनल बोअर) म्हणजे आतून जवळपास ८० मिलिमीटर. पीपीआरचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. ९० मिलिमीटरचा एसडीआर ७.४ पाइप (एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) आतून ६५ मिलिमीटरच भरतो. ८० एनबीची बरोबरी करायला ११० मिलिमीटरचा लागतो. कोटेशनमध्ये ८० एनबीसमोर ९० चा पीपीआर लिहून दर कमी दाखवला असेल, तर ती तुलनाच चुकीची आहे. पीपीआर आतून गुळगुळीत असतो म्हणून थोडी सूट मिळते, इतकी नाही.

दुसरी, प्रसरण. साधा पीपीआर दर मीटरमागे दर अंशाला ०.१५ मिलिमीटर वाढतो. शाफ्टमधली ३० मीटरची सरळ लाइन २८ अंशांवर बसवली आणि ६० अंशांना चालवली तर ती १४४ मिलिमीटर लांबते. एमएस तेवढ्यातच साडेअकरा मिलिमीटर. ग्लास फायबरचा थर असलेला पीपीआर घेतला तर हीच वाढ ३५-५० मिलिमीटरवर येते. गरम बाजूला फायबरवालाच घ्या, आणि एक्स्पान्शन लूप ड्रॉइंगवर दाखवायला लावा. सपोर्टही एमएसच्या निम्म्या अंतरावर धरावे लागतात.

तिसरी, दाब. पाइपवर छापलेला पीएन आकडा (किती बार दाब सोसेल तो) २० अंशांचा असतो. ६० अंशांना तीच ताकद साधारण निम्म्यावर येते. उंच इमारतीच्या तळघरातल्या प्लांटरूममध्ये हे विसरून चालणार नाही.

कारागिरीची परीक्षा घेणं सोपं आहे. कामाआधी प्लंबरकडून एक जोड करून घ्या आणि करवतीने उभा चिरा. जास्त तापवून जोरात दाबला असेल तर आत प्लॅस्टिकची जाड कडी दिसते, छोट्या व्यासात ती वाट निम्मी करून टाकते. ही कडी कोणत्याही फ्लशिंगने जात नाही. आणखी एक: पाइप कापताना पडणारा कीस हलका असतो, तरंगत जातो आणि थेट जाळीवर बसतो. म्हणजे पीपीआरलाही फ्लशिंग लागतंच. उन्हात उघडा ठेवायचा असेल तर वर क्लॅडिंग हवं.

स्टेनलेस आणि बाकीचे

प्रेस फिटिंगवाला स्टेनलेस ३०४ पाइप सगळ्यात स्वच्छ काम देतो. चालू हॉस्पिटलमध्ये, जिथे वेल्डिंगच्या ठिणग्यांना परवानगी मिळत नाही, तिथे याच्यासारखा पर्याय नाही. महाग आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणार असाल तर आधी क्लोराइडचा रिपोर्ट काढा. क्लोराइड जास्त असेल तर गरम पाण्यात ३०४ ला बारीक खड्डे पडतात. एमएसला थेट जोडताना मध्ये इन्सुलेटिंग फ्लॅन्ज टाका.

सीपीव्हीसी (गरम पाण्याचा पीव्हीसी) खोल्यांमधल्या लाइनीला ठीक, पंप आणि मशीनजवळच्या थरथरीत मोठ्या साइजला मी तो घेत नाही. जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) या कामातून वगळा. तांबं चांगलं, पण या साइजला परवडत नाही.

दोन बाजू, दोन वेगळी उत्तरं

सगळी लाइन एकाच पाइपची करायचा हट्ट कशाला? सोर्स बाजू बंद सर्किट आहे, पाण्यात इनहिबिटर (गंज रोखणारं केमिकल) टाकता येतो. तिथे एमएस निर्धास्त घ्या, अट एवढीच की फ्लशिंग पूर्ण व्हावं. गरम बाजूचं पाणी मशीनमधून थेट आंघोळीला जाणार असेल तर त्यात कसलंही केमिकल चालत नाही, तिथे एमएस नकोच. फायबर पीपीआर किंवा स्टेनलेस.

पण मी तर म्हणेन, थेट देऊच नका. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे बोअरचं पाणी जड असतं, ६० अंशांना क्षार प्लेटवर चढतात आणि वर्षाच्या आत मशीन हाय प्रेशरवर ट्रिप होऊन बंद पडायला लागतं. मशीन आणि टाकी यांच्यात बंद सर्किट ठेवून टाकीतल्या कॉइलने पाणी तापवलं तर काही अंशांचा तोटा होतो, पण क्षार बसलाच तर तो कॉइलवर बसतो आणि कॉइल काढून साफ करता येते.

सोर्स बाजूलाही असाच एक निर्णय आहे. जुना चिल्ड वॉटर लूप दहा-पंधरा वर्षांचा असेल तर त्याच्या तळाशी काळा गाळ साचलेला असणार. नवी लाइन आरशासारखी धुतलीत आणि जुन्या हेडरला (मुख्य जाड पाइपला) थेट जोडलीत, तर दुसऱ्या दिवशी तो गाळ नव्या मशीनमध्ये. दोन उपाय आहेत: जुना लूपही धुवा, किंवा मध्ये गॅस्केटवाला, उघडून साफ करता येणारा प्लेट एक्स्चेंजर घाला. दुसऱ्या उपायात एक जादा पंप आणि एक-दोन अंशांचं नुकसान येतं. अंशामागे सीओपी दोन-तीन टक्क्यांनी उतरतो. हॉटेल चालू असताना जुना लूप रिकामा करणं शक्य नसेल तर मी हे नुकसान बिनदिक्कत पत्करतो.

फ्लशिंग: सिस्टमचा पंप की भाड्याचा पंप?

बहुतेक कॉन्ट्रॅक्टर सिस्टमचा स्वतःचा पंप चालवतात, दोन दिवस पाणी फिरवतात, स्ट्रेनर काढून धुतात आणि सही मागतात. हे पुरत नाही, आणि का पुरत नाही ते हिशेबात दिसतं. आपले तासाला १३ घनमीटर ८० एनबीतून जातात तेव्हा पाण्याचा वेग सेकंदाला ०.७ मीटर असतो. एवढ्याने हवा निघते, पण वेल्डिंगचा मणी जागचा हलत नाही. एमएसमधला जड कचरा उचलायला सेकंदाला १ मीटरच्या वर, माझ्या मते १.२ मीटर वेग हवा. म्हणजे तासाला साडेएकवीस घनमीटर. प्रवाह १.७ पट झाला की घर्षणाचा दाब जवळपास पावणेतीन पट होतो, आणि तिथे सिस्टमचा पंप हात टेकतो. भाड्याने मोठा पंप आणा, सोबत एक उघडी टाकी. लाइनचे भाग पाडून एकेक भाग धुवा, आधी मुख्य हेडर, मग फाटे. पीपीआरची लाइन असेल तर मात्र सिस्टमच्या पंपावर बरंचसं भागतं. वर सांगितलेल्या ९० च्या पाइपमध्ये त्याच प्रवाहाला वेग आपोआप १ मीटरच्या वर जातो.

पंप कोणताही असो, मशीनमधून फ्लशिंगचं पाणी जाता कामा नये. मशीनच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हच्या अलीकडे पूर्ण साइजचा बायपास ड्रॉइंगवरच हवा. अर्ध्या इंचाची पळवाट घालून त्याला बायपास म्हणणारे भेटतील, त्यांना परत पाठवा. हेडरच्या टोकाला आंधळी टोपी न लावता ड्रेनचा मोठा व्हॉल्व्ह लावा, कचरा तिथेच जमतो.

साधं पाणी की केमिकल? पीपीआर आणि स्टेनलेसला बहुधा साधं पाणी पुरतं. एमएसला डिस्पर्संट (घाण सुटी करून पाण्यात तरंगत ठेवणारं केमिकल) टाकून किमान एक दिवस-रात्र फिरवा, मग बाहेर येणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (विरघळलेल्या क्षार-केमिकलचं माप) भरण्याच्या पाण्याएवढी होईपर्यंत धुवा. हायड्रोक्लोरिक ॲसिड मारायला मुळीच परवानगी देऊ नका. स्टेनलेसचा त्याने घात होतो. आणि धुऊन झालेला एमएस रिकामा ठेवू नका. ओल्या उघड्या लोखंडावर काही तासांत तांबूस गंज चढतो आणि सगळी मेहनत वाया जाते. मऊ पाणी आणि इनहिबिटर त्याच दिवशी भरायचा, म्हणजे दोन्ही साइटवर आधीच आलेले हवेत.

मशीनच्या तोंडाशी २० मेशची (इंचाला २० भोकांची) जाळी कायमची ठेवा. जाळीच्या अलीकडे-पलीकडे प्रेशर गेज असले की ती कधी भरली ते ऑपरेटरला न उघडताच कळतं.

ऑर्डर लिहिताना फ्लशिंगची ‘लमसम’ ओळ खोडून तिथे पंपाचा प्रवाह, कोणता भाग कधी धुणार आणि धुऊन निघालेल्या पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या कोण तपासणार ते लिहून घ्या. हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) कामाच्या दाबाच्या दीडपट. पीपीआर सुरुवातीला फुगतो म्हणून पहिल्या तासात काटा थोडा उतरला तर घाबरू नका, दाब पुन्हा भरून मग मोजणी धरा. पैशाचा शेवटचा हप्ता मशीन सुरू झालं म्हणून सोडू नका. आठवडाभर चालवून जाळी उघडा, महिन्याने परत उघडा. दुसऱ्या वेळी ती स्वच्छ निघाली की मग चेक द्या.