भडंग एक नंबर, पण मोड (सुट्टे पैसे) घेताना डोळे उघडे ठेवा

सांगलीत गणपती मंदिराकडनं बाजारात जाताना एका बोळात भडंगाचं छोटं दुकान हाय. नाव लिहीत नाय कारण खाली तक्रार पण केलीय. भडंग म्हणाल तर नाद नाय, चुरमुरे कुरकुरीत, लसूण लाल होईपर्यंत तळलेला, शेंगदाण्याला हात आखडत नायत आणि तिखट असं की पहिल्या घासाला कळत नाय, तिसऱ्याला पाणी मागायला लावतं. पाव किलो आणायला जातो न् दरवेळी अर्धा घेऊन येतो.

खरी मजा गल्ल्यावर. काका नोटेचा आकडा कधी बोलतच नायत. दोनशेची नोट म्हंजे 'हळकुंड', २०१७ ला ती पिवळीधमक नोट आली तवापासनं हेच, सांगलीत दुसरं काय म्हणणार. शंभराची नवी ती 'जांभळी', जुनी ती 'निळी', पाचशे म्हंजे 'किल्ला', मागं लाल किल्ला हाय ना. दोन हजारची गुलाबी मे २०२३ मध्ये मागं घेतली तर म्हणाले बरं झालं, एका गुलाबीला मोड देताना आख्खा गल्ला रिकामा व्हायचा. लाखाची पेटी न् कोटीचं खोकं आपण पेपरात वाचायचं, हितला कारभार दहाच्या पत्तीवर.

परवा नागपूरचा मित्र बरोबर होता. काकांनी विचारलं, "मोड हाय का बंदाच?" बंदा म्हंजे न मोडलेली आख्खी नोट, पण हा गडी माणूस समजून मागं वळून बघतोय, कोणता बंदा! त्यांच्याकडं मोडीलाच चिल्लर म्हणतात, काकांना वाटलं हा नाणी मागतोय, झालं, दहा मिनिटं दोघांचं तेच, मागं लाईन.

आता तक्रार. ह्याच मोडीत मला पन्नासची चिकटपट्टीवाली नोट घडी घालून दिली, घरी गेल्यावर कळलं. पेट्रोल पंपावर घेतली नाय, दूधवाल्यानं तर हात पण लावला नाय. शेवटी बँकेत बदलली, दोन तुकडे झालेली नोट कुठल्या पण शाखेत बदलून देतात, एक रुपया लागत नाय, पण त्यासाठी अर्धा तास रांगेत कोण उभारणार ओ? काकांना सांगितलं तर हसून मूठभर भडंग जास्त टाकलं. एक स्टार तिथं गेला.

स्कॅनर लावलाय पण बोळात रेंज नसते. दहाची नाणी मात्र बिनबोभाट घेतात, बाकी गावात अजून नको नको करतात, रिझर्व्ह बँकेनं २०१८ ला सगळी १४ डिझाईन चालतात म्हणून सांगून पण. माझ्याकडचा डबा तिथंच रिकामा केला.