वेस्टवॉटरच्या सोडवलेल्या गणितांचं स्पायरल बुक: अप्पा बळवंतमधून घेतलं, अख्खं सेमिस्टर वापरलं

बीई सिव्हिलला, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे आणि टीईचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा वेस्टवॉटर (सांडपाणी) हा विषय बॅक राहिला होता. थिअरी येत होती, राहिला तो गणितांमुळेच, म्हणून गणपतीच्या आधी अप्पा बळवंत चौकात गेले, काउंटरवर 'टीई सिव्हिल, वेस्टवॉटर, २०१९ पॅटर्न, सोडवलेली गणितं' एवढं सांगितलं आणि दादांनी दोन मिनिटांत हे स्पायरल बाइंडिंगचं पुस्तक हातात दिलं. २४० रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण पुस्तकात चुका आहेत आणि त्या काही त्या दादांच्या नाहीत, छापणाऱ्या क्लासचंही नाव नको.

कागद पातळ आहे, मागच्या पानावरचं दिसतं, आकृत्या झेरॉक्सची झेरॉक्स असल्यासारख्या. ते चालतं. महत्त्वाचं हे की गणित सोडवताना प्रत्येक आकडा कुठून आला ते शेजारी लिहिलंय, आणि मी आधी वापरलेल्या कुठल्याच नोट्समध्ये हे नव्हतं. एक उदाहरण देते. ६०,००० लोकवस्तीचं गाव, माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन येतं, म्हणजे १०८ लिटर. एकूण ६.४८ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर), सेकंदाला सरासरी ७५ लिटर. इथपर्यंत सगळेच करतात. पुढे पीक फॅक्टर (गर्दीच्या वेळी सरासरीच्या किती पट पाणी येतं तो आकडा) आला की माझ्या जुन्या नोट्समध्ये सरळ ३ घेतला होता, कारण काही नाही. या पुस्तकात २.२५ घेतलाय आणि बाजूला लिहिलंय की सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या मॅन्युअलप्रमाणे ३ हा २० हजारांपर्यंतच्या वस्तीला, ५० हजार ते साडेसात लाखांना २.२५, कारण माणसं जितकी जास्त तितकं सगळ्यांचं पाणी एकाच वेळी नळीत येत नाही. म्हणजे पीक फ्लो सेकंदाला १६८.७५ लिटर. ३ घेतला असता तर २२५ आला असता, पाइप विनाकारण मोठा झाला असता, आणि मोठ्या पाइपात पाणी कमी असताना वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की गाळ तळाला बसायला लागतो. एका आकड्यामुळे पुढे काय काय होतं ते मला पहिल्यांदा इथे कळलं.

त्याच गणिताच्या पुढच्या भागात बीओडीचा लोड आहे, बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन. एमएलडी गुणिले मिलिग्रॅम पर लिटर केलं की थेट किलो पर डे येतं, ६.४८ गुणिले २५० म्हणजे १६२० किलो. आणि मग खाली पडताळा दिलाय, माणशी रोज २७ ग्रॅम बीओडी धरला तर ६०,००० माणसांचा किती, तर तेच १६२० किलो. मी तो पडताळा बघून वही बाजूला ठेवली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. १६२० किलो म्हणजे हे पाणी न शुद्ध करता नदीत सोडलं तर पाच दिवसांच्या टेस्टच्या हिशेबाने रोजच्या सांडपाण्यामागे पाण्यातला तेवढा ऑक्सिजन संपणार. मी रोज भिडे पुलावरून जाते, मुठेचा तो वास नाकात बसलेला आहे, पण त्या वासाला किलोमध्ये आकडा असतो हे डोक्यात आलंच नव्हतं.

आता वापरायचं कसं ते सांगते कारण पहिला आठवडा माझा वाया गेला. मी सोल्यूशन नुसती वाचत होते, वाचताना सगळं पटतं, अगदी सोपं वाटतं, आणि पुस्तक मिटून तेच गणित करायला घेतलं तर पहिली ओळसुद्धा सुचेना. मग नवी पेठेतल्या अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या एमपीएससीवाल्या ताईने सांगितलं की अगं उत्तर पुठ्ठ्याने झाकून ठेव, आधी तू कर, अडलीस की पुठ्ठा एकच ओळ खाली सरकव. तेव्हापासून माझं निळ्या पेनाने आणि पुस्तकातून बघितलेलं लाल पेनाने. वहीत लाल कुठे जास्त दिसतंय ते बघितलं की आपण नक्की कुठे अडतोय ते समजतं, माझं अडायचं ते जवळजवळ प्रत्येक वेळी गृहीतक धरण्यात, आकडेमोडीत नाही.

आता चूक. पान ३७, गणित १४. २० अंशांना पाच दिवसांचा बीओडी २००, के (बीओडी किती वेगाने होतो तो दर) ०.१, अल्टिमेट (शेवटपर्यंतचा एकूण) बीओडी काढा. पुस्तकात ई चा (नॅचरल लॉगच्या बेसचा) फॉर्म्युला वापरून उत्तर ५०८ दिलंय. माझं २९२ येत होतं. मी दोन रात्री ते गणित सात-आठ वेळा केलं, मला वाटलं मलाच येत नाही, रडायला आलं होतं खरंच. शेवटी कॉलेजच्या मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या ०.१ हा बेस १० चा के आहे, ई च्या फॉर्म्युल्यात टाकायचा असेल तर २.३०३ ने गुणावं लागतं, मग ०.२३ होतो आणि उत्तर २९२-२९३ येतं. घरगुती सांडपाण्यात नेहमीच्या ०.२३ ने पाच दिवसांचा बीओडी अल्टिमेटच्या ६८ टक्क्यांच्या आसपास असतो, ५०८ धरला तर ३९ टक्केच होतो, तिथेच शंका यायला हवी असं मॅडम म्हणाल्या. हे पडताळ्याचं वाक्य पुस्तकात असतं तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या, इतर ठिकाणी पडताळा देतात आणि नेमका इथे नाही. दुसरी तक्रार म्हणजे सगळी गणितं २० अंश पाच दिवसांची आहेत, आपल्याकडे लॅब रिपोर्टवर ३ दिवस २७ अंश लिहिलेलं असतं, त्याचं एकही गणित नाही.

एसव्हीआयचं (गाळ किती नीट बसतो ते सांगणारा आकडा) प्रकरण छोटं पण चांगलं आहे. ते मला नीट कळलं मात्र मावशीच्या सोसायटीच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर. तिथले ऑपरेटर काका म्हणाले, "बघ पोरी, आता हात लावायचा नाही." एरेशन टँकमधलं (हवा सोडतात त्या टाकीतलं) पाणी एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये भरून ठेवलं, आधी सगळं चॉकलेटी, मग वरून हळूहळू नितळ पाण्याची रेघ खाली सरकायला लागली. ३० मिनिटांनी गाळ २५० मिलिलिटरवर. एमएलएसएस (त्या पाण्यातला तरंगता गाळ, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) २५०० होता, म्हणजे एसव्हीआय १००, अगदी व्यवस्थित. पुस्तकातल्या गणितात सेटल्ड व्हॉल्यूम २५० असं नुसतं दिलेलं असतं, ते असं कोणीतरी उभं राहून वाचलेलं असतं. काकांनी सिलिंडर तसाच ठेवला आणि तास-दीड तासाने तळाचा गाळ बुडबुड्यांसकट वर आला, म्हणाले नायट्रोजन सुटतोय, हे दिसलं की क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवायच्या टाकीतून) गाळ लवकर काढायचा. हे पुस्तकात नाही.

पेपर झाला, निकाल यायचाय. सीव्हर (सांडपाण्याचा पाइप) डिझाइन आणि लोडची गणितं पूर्ण सुटली. ज्यांना गणितांनी अडवलंय त्यांनी घ्या, पण सोबत मॅन्युअलची पीडीएफ उघडी ठेवा आणि उत्तर जुळलं नाही तर लगेच स्वतःला चूक धरू नका. काउंटरवर आधी पान ३७ उघडून बघा, परवा मी विचारलं तेव्हा नवीन कॉपीतही ५०८ च होतं. माझी कॉपी आता रूममेटकडे गेलीय, त्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात २.३०३ लिहून.