पर्शियनसाठी स्टीलचा दुहेरी कंगवा: नागपुरात स्लिकरपेक्षा हाच बरा

बर्डी, सदर, धरमपेठ, कुठल्याही पेट शॉपमध्ये मांजराचा ब्रश मागा, आधी पुढे येतो बटण दाबून केस सोडणारा स्लिकर. दिसतो छान, पण पर्शियनसाठी घ्यायचा तर साधा, मुठीविना स्टीलचा कंगवा घ्यावा. लांबी १९ सेंटीमीटरच्या आसपास, अर्धे दाते विरळ, अर्धे दाट. स्लिकरच्या वाकड्या तारा वरवरून फिरतात. मांजर फुलून दिसते, कातडीजवळची लोकर मात्र गुंततच राहते. कंगवा खोटं बोलत नाही, जट असेल तिथे अडकतोच. ‘ट्रिपल कोट’ ही विक्रेत्यांची भाषा. कंगव्याला कळतात दोनच थर, वरचे लांब केस आणि खालची मऊ लोकर.

विकत घेताना दात्यांची टोकं मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून पाहा. ओरखडा उठला तर परत ठेवा. जुन्या नायलॉनच्या मोज्यातून ओढला की खरखरीत दाता धागा पकडून स्वतःच सांगतो. मुलामा दिलेला स्वस्त कंगवा टाळावा. पावसाळ्यात मुलामा सुटतो आणि तिथे केस अडकतात.

वापर नेहमी कोरड्या केसांवर आणि अंघोळीच्या आधी. पाणी लागलं की जट आवळते. केसांचा भांग पाडत एकेक पट्टा घ्यायचा, आधी विरळ बाजू, टोकांपासून मुळाकडे. ती न अडकता गेली की मगच दाट बाजू. जट सापडली की तिचं मूळ दोन बोटांत धरायचं, म्हणजे ओढ कातडीवर येत नाही. त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं तर तेलकटपणा कमी होऊन केस सुटतात. काख, कानामागे, पोट आणि मागच्या मांड्या या जागा रोज पाहायच्या. कात्री अजिबात नको: मांजराची कातडी पातळ, जटेबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते. घट्ट जट डॉक्टर किंवा जाणत्या ग्रूमरकडून क्लिपरनेच काढावी.

पर्शियन शांत, मांडीवर दहा मिनिटं सहज निघतात. शेपटी आपटू लागली, कान मागे गेले की मात्र थांबायचं, उरलेलं उद्या. मांजरांच्या इतर जातींपैकी मेन कून आकाराने दांडगा पण माणसाळलेला. त्याचे केस रेशमी, जटा कमी, आठवड्यातून दोनदा पुरतं. ब्रिटिश शॉर्टहेअरला उचलून घेतलेलं सहसा रुचत नाही, जमिनीवरच विंचरा. त्याच्या दाट केसांतही दाट बाजू चालते. सयामीला हा कंगवा वायाच, ओला हात फिरवला तरी गळालेले केस निघतात. तिची गंमत वेगळी: थंड भागातच रंग गडद होतो, म्हणून उष्णतेत वाढलेली सयामी फिकट राहते.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आला की पर्शियनचा सरसकट ‘लायन कट’ (मान-डोकं सोडून अंगभर भादरणं) करून आणायची इथे हौस. कातडीपर्यंत भादरू नये. उघडी कातडी उन्हात भाजते. रोज विंचरून गळालेली लोकर काढली, खोलीत कूलर आणि पाण्याची दोन भांडी ठेवली तर बहुतेक मांजरांचा उन्हाळा निघतो. चपट्या तोंडाच्या ‘पंच फेस’ मांजराला श्वासाचा त्रास मुळातच असतो. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर कंगवा बाजूला ठेवून थेट डॉक्टर. आणि संत्रानगरी असली तरी संत्र्याच्या सालीच्या तेलाचा शॅम्पू नको, ते मांजरांना घातक.

स्लिकरवर मात करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे स्वच्छता. पर्शियनमध्ये गजकर्ण बरंच दिसतं आणि स्लिकरच्या रबरी गादीत ओल, कोंडा साचतो. कंगवा साबणाने धुवायचा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून खळखळून धुवून लगेच पुसायचा. ब्लीच राहिलं तर स्टीलवर डाग पडतात. एका मांजराचा कंगवा दुसऱ्याला नको.

उणीव एकच, मूठ नाही. घामेजल्या हातातून निसटतो. फरशीवर पडून दाता वाकला तर पकडीने सरळ करत बसू नका, टोक खरखरीत होतं. नवा घ्या.